कोचीला जायचं तर शुक्रवार-शनिवार टाळा

आपल्याकडून केरळला जाणारे बहुतेक जण सहलीच्या बसने जातात. मुन्नारचे चहाचे मळे, अलेप्पीची हाऊसबोट, शेवटी कन्याकुमारी, आणि मधेच कुठेतरी तीन तासांचं ‘कोचीन दर्शन’. त्या तीन तासांत चिनी जाळ्यांपुढे फोटो निघतो, एका चर्चमध्ये डोकावून होतं आणि बस तासभर मसाल्याच्या दुकानापुढे उभी राहते. त्यात तो दिवस शुक्रवार निघाला तर मट्टनचेरीचा राजवाडा बंद. शनिवार निघाला तर ज्यूंचं प्रार्थनास्थळ बंद. एवढ्या लांब जाऊन शहर पाहायचं राहून जातं.

खरं तर कोचीला दोन पूर्ण दिवस लागतात आणि ते पायी पाहायचं शहर आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या खेड्यांतून चार-सहा जण आपापलं निघणार असतील, तर त्यांना उपयोगी पडेल ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधी कधी जायचं ते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, डिसेंबर-जानेवारीत तूर. तूर घरात आली, पऱ्हाटीची उलंगवाडी जवळ आली आणि हरभरा अजून वावरात उभा आहे, असे जे दोन-तीन आठवडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळतात, तेच कास्तकाराच्या सवडीचे आणि तेच कोचीच्या चांगल्या हवेचे. पाऊस जवळपास नसतो आणि सकाळ-संध्याकाळ चालणं सुखाचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे मान्सून परतला तरी केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पावसाळा असतो, त्याला तिथे तुलावर्षम म्हणतात. सकाळ उघडी असते, दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. त्या दिवसांत उघड्यावरचं सगळं अकराच्या आत पाहून घ्यावं आणि दुपार राजवाड्यात, चर्चमध्ये काढावी. नाताळ ते नवीन वर्ष हे आठ दिवस टाळलेले बरे. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे ‘पाप्पांजी’चा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळतात, त्यासाठी इतकी गर्दी लोटते की राहायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर भाव दुप्पट असतो.

उन्हाचं सांगायचं तर ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या माणसाला तिथले ३२ अंश किरकोळ वाटतात, आणि तिथेच चूक होते. आपलं ऊन कोरडं. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. कोचीच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम अंगावरच राहतो. कुलर तिथे चालत नाही तोही याच कारणाने: ओल्या ताट्यातून पाणी उडालंच नाही तर हवा गार कशी होणार? म्हणून खोली घेताना ‘कुलर आहे का’ विचारू नये, छताचा पंखा जोरात फिरतो का आणि दोन बाजूंना खिडक्या आहेत का ते पाहावं. धुतलेले कपडे रात्रीतून वाळत नाहीत. माणशी एक जोड जास्तीचा न्यावा, पातळ सुती न्यावा, जीन्स घरी ठेवावी. म्हाताऱ्या माणसांसाठी ओआरएसच्या पुड्या सोबत असाव्यात. डास भरपूर आहेत, अंगाला लावायचं मलम विसरू नये.

रेल्वेने जायचं तर पूर्व विदर्भाला सगळ्यात सोयीची केरळ एक्स्प्रेस. दिल्लीहून येते, नागपूर-बल्लारशा करत वारंगल, विजयवाडा, सेलम, कोइंबतूर, पालक्काड या वाटेने रोज जाते. अकोला-बुलढाण्याकडच्यांनी नागपूरला उलटं येण्यापेक्षा भुसावळला जाऊन मंगला एक्स्प्रेस धरावी. ती कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात, जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, हे तिकीट काढताना ध्यानात घ्यावं.

तिकिटावर ‘कोची’ शोधत बसू नये. उतरायचं ते एर्नाकुलमला, आणि एर्नाकुलमची स्टेशनं दोन आहेत: जंक्शन, ज्याला लोक साऊथ म्हणतात, आणि टाऊन, ज्याला नॉर्थ म्हणतात. काही गाड्या एकावर थांबतात, काही दुसऱ्यावर. जाताना टाऊनला उतरलो म्हणून परतीची गाडीही तिथूनच सुटेल असं धरून चालणारे लोक ऐनवेळी धावपळ करतात. परतीच्या तिकिटावरचं स्टेशनचं नाव आदल्या रात्री पुन्हा वाचावं. आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जाण्याचं तिकीट काढलं त्या दिवशी परतीचं निघत नाही, कारण परतीचे ६० दिवस चार-पाच दिवसांनी भरतात. घरातल्या कोणाला तरी ती दुसरी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगावं. सर्वाधिक फजिती इथेच होते.

वार असा बसवावा: शनिवारी नागपूरहून निघायचं, रविवारी एर्नाकुलम, आणि सोमवार-मंगळवार शहराला. रविवार सकाळ तशीही चर्चमधल्या प्रार्थनेची, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. सोमवार ते गुरुवार यातले कोणतेही दोन दिवस उत्तम. एवढ्या लांबच्या प्रवासाला शिदोरी दशम्यांची. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत जवसाची चटणी, ठेचा, चिवडा. ओली भाजी नेऊ नये, विजयवाड्याच्या पुढे उकाड्याने आंबते. दुसऱ्या दिवशी कोइंबतूर सोडल्यावर खिडकीशी बसावं. पालक्काडला सह्याद्रीच्या रांगेत साधारण ३० किलोमीटर रुंदीची खिंड आहे, गाडी त्यातून पलीकडे जाते. अलीकडे आपल्यासारखी कोरडी, काटेरी जमीन आणि पलीकडे तासाभरात भाताची खाचरं, नारळ आणि पाणीच पाणी. केरळ म्हणजे काय ते इथेच डोळ्यांना कळतं.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला, म्हणजे पाण्यापलीकडच्या जुन्या कोचीला, रस्त्यानेही जाता येतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पाण्यावरूनच जावं. ते पाण्याकडून पाहण्यासाठीच वसलेलं गाव आहे. एर्नाकुलमच्या मुख्य धक्क्यावरून सरकारी बोट सुटते, तिचं तिकीट चहापेक्षाही स्वस्त. हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रो सुटते. ही सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, बोटी विजेवर चालतात, आत वातानुकूलन आहे. तिकीट थोडं जास्त, पण धक्का पाण्यासोबत वर-खाली होऊन बोटीच्या बरोबरीला राहतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना तीच बरी. संध्याकाळी पाच ते सात या वेळात परतीच्या रांगा लांब होतात. तेव्हा मुक्काम एर्नाकुलमला न करता फोर्ट कोचीतच करावा. तिथे घराघरांत होमस्टे आहेत. जुनी घरं, जिने उभे आणि अरुंद, लिफ्ट नाही. सोबत आई-बाबा असतील तर फोनवरच तळमजल्याची खोली मागून घ्यावी.

बोटीतून डावीकडे दिसतं ते विलिंग्डन बेट. १९२०-३० च्या दशकांत इंग्रज अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो याने बंदर खोल करण्यासाठी जो गाळ उपसला, त्याच्या भरावातून ते उभं राहिलं. आणि हे बंदरच मुळात पुराने दिलेलं. जुनं बंदर उत्तरेला कोडुंगल्लूरपाशी होतं, रोमन लोक त्याला मुझिरिस म्हणत. १३४१ मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, तिथलं तोंड गाळाने भरलं आणि कोचीपाशी खोल वाट उघडली असं मानतात. व्यापारी पाण्यामागे आले. नदीने पात्र बदललं की गावाचं नशीब बदलतं, हे वैनगंगा-वर्धेच्या काठच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

फोर्ट कोचीत उतरल्यावर आपला माणूस आधी किल्ला शोधतो. चंद्रपूरचा परकोट, जटपुरा गेट, पठाणपुरा गेट पाहिलेल्या डोळ्यांना ‘फोर्ट’ म्हटलं की बुरूज दिसायला पाहिजेत. इथे ते नाहीत. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये बांधलेला इमॅन्युएल किल्ला भारतातला त्यांचा पहिला किल्ला. कोचीच्या राजाचं कोळिकोडच्या सामुतिरीशी, म्हणजे झामोरिन राजाशी, वैर होतं, त्याला तोफा असलेला मित्र हवा होता, म्हणून त्याने जागा दिली. १६६३ मध्ये डचांनी तो घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी, आणि पुढे इंग्रजांनीच तट पाडून टाकला. आता राहिलेत ते किनाऱ्यावरचे थोडे दगड आणि नावं: बॅस्टियन म्हणजे बुरूज, परेड ग्राउंड म्हणजे कवायतीचं मैदान, बर्गर स्ट्रीट म्हणजे डच नागरिकांची गल्ली. किल्ला पाहायचा म्हणून रिक्षा करू नये. ती नावं वाचत पायी फिरलं की तटाची रेघ आपोआप लक्षात येते.

पहिला दिवस सकाळी साडेसहाला चिनी जाळ्यांपासून सुरू करावा. मल्याळीत त्यांना चीनवला म्हणतात. चौदाव्या-पंधराव्या शतकात चिनी व्यापाऱ्यांबरोबर ती आली असं सांगतात. काही अभ्यासक ती पोर्तुगीजांनी मकावहून आणली असं मानतात. पण ती चालतात कशी हे थांबून पाहण्यासारखं आहे. सागाच्या लाकडांचा मोठा सांगाडा, निदान १० मीटर उंचीचा, काठाशी टेकवलेला. त्याच्या पुढच्या टोकाला वाकवलेल्या लांब काठ्यांवर जाळं ताणलेलं, मोठ्या पंगतीच्या ताडपत्रीएवढं. मागच्या टोकाला दोरांना दगड बांधलेले, एकेक फूटभर व्यासाचा. एक माणूस मधल्या वाशावरून पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने तोल बदलतो आणि जाळं पाण्यात उतरतं. मोटेचे बैल धावेवरून उतरताना स्वतःचं वजन कामी लावतात, तसंच हे. मग चार-सहा जण मागचे दोर ओढतात आणि जाळं वर येतं.

खरी अक्कल त्या दगडांच्या दोरांत आहे. सगळे दोर एका लांबीचे नसतात. जाळं वर येऊ लागलं की दगड एकेक करून खालच्या फळीवर टेकत जातात, त्यामुळे कुठल्याही क्षणी दोन्ही बाजूंचं वजन जवळपास सारखं राहतं आणि माणसांना फक्त थोडासा फरक ओढावा लागतो. जाळं पाण्यात पाचेक मिनिटांहून जास्त ठेवत नाहीत. हा सापळा नव्हे, वरून पोहत जाणारा मासा तेवढ्यात उचलायचा असतो. म्हणून एका खेपेला मासळी थोडीच निघते, कधी ओंजळभरसुद्धा. एकेक जाळं ठरावीक खोलीपर्यंतच उतरतं, तेव्हा भरती-ओहोटीप्रमाणे कधी हे चालतं, कधी ते. दुपारी अकराला आलेल्या सहलीला बरेचदा नुसती टांगलेली जाळी दिसतात, ती यामुळे. पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याबरोबर जलपर्णीचे तांडेच्या तांडे वाहून येतात आणि जाळ्यात मासळीऐवजी तेच भरतात. लाकडाचा आणि दोरांचा खर्च परवडत नाही म्हणून काही ठिकाणी सागाच्या जागी लोखंडी नळ्या आल्या आहेत. मच्छीमार आपण होऊन दोर ओढायला बोलावतात. जरूर ओढावा, पण नंतर ५०-१०० रुपये देण्याची तयारी ठेवून. त्यांचं सकाळचं काम आपल्यासाठी थांबलेलं असतं.

या किनाऱ्यावर पोहायला उतरू नये. बंदराचं तोंड आहे, मोठी जहाजं जवळून जातात आणि ओढ जबरदस्त असते. पाण्यात खेळायचंच असेल तर वायपीन बेटावरचा चेराई किनारा गाठावा.

जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिस चर्च चालत दहा मिनिटांवर आहे. १५०३ मध्ये लाकडी, १५१६ मध्ये पक्कं बांधलेलं, भारतात युरोपियनांनी बांधलेलं सर्वांत जुनं चर्च. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ ला कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, जमिनीवरची शिळा राहिली. छताकडे नजर टाकावी. कापडी झालरींचे लांब पंखे टांगलेले दिसतील. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जात आणि बाहेर उन्हात बसलेला माणूस ते ओढत असे. भिंतींत पोर्तुगीज आणि डच थडग्यांचे दगड बसवले आहेत. कॅथलिकांनी बांधलं, डचांनी प्रॉटेस्टंट केलं, इंग्रजांकडे गेलं, आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. एकाच इमारतीला चार धनी. जवळच डच दफनभूमी आहे, १७२४ पासूनची. फाटकाला बहुधा कुलूप असतं, कठड्यावरून पाहावं लागतं. सांताक्रूझ बॅसिलिका त्याच फेरीत होते. मूळचं पोर्तुगीज चर्च इंग्रजांनी पाडलं, आताची इमारत १९०५ ची आहे.

दुपारी बारा ते तीन खोलीवर पडून राहावं. हट्टाने फिरलं तर दुसरा दिवस वाया जातो.

संध्याकाळी कथकली. तिकीट खेळाच्या वेळेचं असलं तरी तासभर आधी जावं, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते आणि ती खेळाइतकीच पाहण्यासारखी आहे. हनुवटीभोवतीची पांढरी कड तांदळाच्या पिठीने आणि कागदाने उभारतात, तिला चुट्टी म्हणतात. हिरवा चेहरा सज्जन वीराचा, हिरव्यात तांबडा पट्टा आला की गर्विष्ठ खलनायक. झाडीपट्टीची नाटकं आणि दंडार रात्र-रात्र पाहणाऱ्या लोकांना भाषा न कळताही हे पकडायला वेळ लागणार नाही.

दुसरा दिवस मट्टनचेरीचा, आणि माझ्या मते हाच जास्त मोलाचा. फोर्ट कोचीपासून ते दोन-अडीच किलोमीटर. सकाळी लवकर निघून चालत जावं. रिक्षा केली तर आधी भाव ठरवावा आणि ‘कोणत्याही दुकानात थांबायचं नाही’ हेही आधीच सांगावं. फार स्वस्तात सगळं फिरवतो म्हणणारा रिक्षावाला दुकानातून कमिशन घेतो आणि आपली सकाळ दुकानं पाहण्यात जाते.

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी नंतर दुरुस्त केला, नाव त्यांचं राहिलं. बाहेरून साधा, आत शयनगृहाच्या भिंती रामायणाने भरलेल्या. लाल, पिवळा, हिरवा, सगळे नैसर्गिक रंग. माणसं इतकी दाटीने काढली आहेत की पहिल्या नजरेत काही कळत नाही. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून भिंत वाचत जावी, पुत्रकामेष्टीपासून कथा सापडत जाते. ओलसर हवेने रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून भिंतीला हात लावू नये आणि लेकरांना आवरावं.

राजवाड्याला लागूनच ज्यू टाऊन. १५६८ चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. ‘परदेशी’ हा शब्द तिथेही आपल्याच अर्थाने आहे: स्पेन-पोर्तुगालहून आणि इतर देशांतून पळून आलेले ज्यू ते परदेशी, त्यांच्या कितीतरी आधीपासून राहणारे ते मलबारी. राजाने त्यांना आपल्या राजवाड्याच्या भिंतीला लागून जागा दिली. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी जाळपोळ केली, दोन वर्षांत डचांच्या राज्यात पुन्हा उभं राहिलं. जोडे बाहेर काढावे लागतात आणि ते बरंच आहे, कारण पायाखाली अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, प्रत्येक हाताने रंगवलेली. वर बेल्जियमच्या काचेची झुंबरं. बाहेरच्या १७६० च्या घड्याळ मनोऱ्यावर आकडे रोमन, हिब्रू आणि मल्याळी अशा तीन लिप्यांत. दुपारी एक ते तीन बंद असतं, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी तर नाहीच. खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत.

या वास्तूची एक गोष्ट मार्गदर्शक क्वचित सांगतात. इथल्या गोऱ्या परदेशी ज्यूंनी मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना शतकानुशतकं आत बरोबरीने बसू दिलं नाही. त्याच समाजातला वकील अब्राहम बराक सालेम याने विसाव्या शतकात याविरुद्ध सत्याग्रह केला. लोक त्याला ‘ज्यू गांधी’ म्हणत. १९२० च्या दशकात आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला, त्याच काळाच्या आसपासची ही झुंज. अनेक संस्कृतींचं शहर म्हणताना तिथलं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नये. इस्रायल झाल्यावर बहुतेक ज्यू निघून गेले. आता इथे त्यांच्यातलं जवळजवळ कोणी उरलेलं नाही, आणि गल्लीतली बहुतेक दुकानं काश्मिरी व्यापाऱ्यांची आहेत.

मराठी माणसाने यापुढे आणखी अर्धा तास काढून चेरलाई भागात जावं. सोळाव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगीज छळामुळे निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे येऊन राहिली. त्यांचं तिरुमला देवस्वम हे वेंकटेशाचं देऊळ आहे. आसपासच्या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते आणि पाण्याला ‘उदक’ म्हणणारी माणसं भेटतात. देवळात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं. धोतर नेसलेलं बरं. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पती समजावून दिल्या, इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर. त्यातून ‘होर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्या तिघांनी १६७५ मध्ये दिलेली कोकणीतली साक्ष त्यात नागरी लिपीत छापली आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत आपली अक्षरं हॉलंडच्या छापखान्यात उमटली, आणि त्याची मुळं या गल्ल्यांत आहेत.

गुजराती रोडवर जैन देरासर, कच्छी मेमनांची घरं, पुढे वेली नावाच्या भागात डच काळात कपडे धुण्यासाठी आणलेल्या तामिळ परिटांचा धोबीखाना. तिथे अजूनही कोळशाच्या इस्त्र्या दिसतात. इस्त्री हा शब्दही पोर्तुगीज, आणि मल्याळीतही तोच. आपली बादली, चावी, पगार, परात, बटाटा त्याच जहाजांतून उतरली. मिरचीसुद्धा. भिवापुरी मिरचीचा पूर्वज अमेरिकेतून पोर्तुगीजांनी याच पश्चिम किनाऱ्यावर आणला. त्याआधी आपल्या रश्शाला तिखटपणा द्यायचा तो बराचसा इथल्या काळ्या मिरीने.

म्हणून खरेदी मिरीचीच करावी, आणि मट्टनचेरीच्या बाजार रोडवर, जिथे गोदामांतून पोती उतरतात तिथे. ज्यू टाऊनच्या सजवलेल्या दुकानांत तोच माल पाकिटात महाग मिळतो. मूठभर मिरी पाण्यात टाकून पाहावी. भरलेला दाणा बुडतो, तरंगतो तो पोकळ दाणा किंवा मिसळलेलं पपईचं बी. पपईचं बी लांबट, सुरकुतलेलं आणि हिरवट तपकिरी असतं. दालचिनीत फसवणूक जास्त. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची, विडीसारखी एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरा होतो. जाड, एकाच सालीची, कडक निघाली की ती कॅसिया, स्वस्त आणि उग्र. सावजी रश्शाला कॅसिया चालते, खिरीला नाही. वेलदोडा हिरवा आणि भरलेला घ्यावा, दोन-तीन फोडून आतलं बी काळं आणि चिकट आहे का ते पाहावं. बी तपकिरी आणि सुकं असलं तर माल जुना. सुंठ तिथली चांगली, मोडल्यावर तंतू कमी असावेत. एका घराला वर्षाला मिरी अर्धा किलो, वेलदोडा १०० ग्रॅम, लवंग १०० ग्रॅम पुरते. हौसेने दोन-दोन किलो आणलेल्या लवंगेचा वास पुढच्या पावसाळ्यात उडून जातो.

खाण्याची अडचण पोळी-भाकरीवाल्यांना होते, ती मान्य करूनच निघावं. भात तांबड्या, जाड, उकड्या तांदळाचा, पचायला जड वाटला तर ‘व्हाइट राइस’ मागावा. फोडणी खोबरेल तेलाची, पहिल्या दिवशी वास लागतो. सकाळी पुट्टू आणि कडला करी घ्यावी. पुट्टू म्हणजे तांदळाच्या पिठीत खोबरं घालून नळीत वाफवलेला, आणि कडला म्हणजे आपलाच काळा हरभरा, त्यामुळे ती चव ओळखीची लागते. शाकाहारी असाल तर पाटीवर ‘प्युअर व्हेज’ लिहिलेल्याच हॉटेलात जावं. इतर ठिकाणी बीफ आणि मासळी त्याच स्वयंपाकघरात होते, ते उघडपणे लिहिलेलं असतं, नीट वाचावं. ‘सांबार जास्त टाका’ म्हणाल तर डाळीची वाटी येईल. आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिथे मल्लियिला म्हणून मागावा लागतो. पाणी कोमट आणि गुलाबी आलं तर ते घाण समजून परत करू नये. पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं ते पाणी आहे, नीट उकळलेलं असेल तर निर्धास्त प्यावं. ‘वेंडा’ म्हणजे नको, ‘एत्र’ म्हणजे किती. एवढ्या दोन शब्दांवर आणि तोडक्या हिंदीवर बाजार होतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होमस्टेवाल्यांना ‘उद्या हरताळ आहे का’ एवढं विचारून ठेवावं. केरळात हरताळ झाला की दुकानं आणि रिक्षा सगळंच बंद होतं, मग पहाटेच सामान घेऊन बोटीने एर्नाकुलम गाठलेलं बरं. घरी आल्यावर मसाल्याच्या पुड्या तशाच डब्यात भरू नये. किनाऱ्याची ओल त्यांनी धरलेली असते. मिरी आणि सुंठ दोन दिवस अंगणातल्या उन्हात सुपात पसरावी, वेलदोडा आणि लवंग मात्र सावलीत, आणि मगच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत.